ड्वार्फ ससा: खाणं कमी, हनुवटी ओली आणि अंगावर धावून येते

मुग्धा_डोंबिवली
नमस्कार मंडळी, इतकी वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय. आमच्याकडे चिंगी आहे, नेदरलँड ड्वार्फ, दीड वर्षाची मादी, वजन किलोभर. लेकीसाठी आणली होती, आता सगळं माझ्याच गळ्यात आहे ते असो. तर दोन प्रॉब्लेम आहेत, एकमेकांशी संबंध आहे की नाही माहीत नाही.
पहिला खाण्याचा. पेलेट (सशांच्या तयार खाण्याचे दाणे) तोंडात घेते, दोनदा चावते आणि टाकून देते. कोथिंबिरीची पानं खाते, काड्या ठेवते. सुक्या गवताला तर तोंडच लावत नाही. हनुवटी कायम ओली असते आणि उजव्या डोळ्यातून पाणी येतं.
दुसरा स्वभावाचा. ही आधी मांडीवर येऊन बसायची, आता पिंजऱ्यात हात घातला की घुर्र करून पुढचे पंजे मारते, काल लेकीला चावली. आणि गंमत म्हणजे जे गवत खात नाही तेच तोंडात धरून कोपऱ्यात नेऊन रचते, छातीवरचे केस उपटून त्यात घालते. सासूबाई म्हणतात पोटुशी आहे. अहो पण ती एकटीच आहे घरात, नर आणणार कुठून?
दुकानदाराला विचारलं तर व्हिटॅमिन ड्रॉप्स घ्या म्हणाला. कोणी ससे पाळले असतील तर सांगा प्लीज.

निशाचर
बाकी सगळं नंतर बोलू, आधी हे सांगा की शेवटचं कधी खाल्लं आणि लेंड्या पडतायत का. सशाला उलटी करता येत नाही आणि त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं, ते मंदावलं की आत गॅस धरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून खात नाही, खात नाही म्हणून आतडं अजून मंदावतं. कुत्र्याने एक दिवस उपास केला तर निभावतं, सशाने १०-१२ तास काहीच खाल्लं नाही की थेट डॉक्टर, मग रात्र असो की रविवार. पाठ वर काढून गोळा होऊन बसलीये का, कान हाताला गार लागतायत का, पोट टणक फुगलंय का, दात कराकरा वाजवते का, हे बघून लगेच लिहा.

मुग्धा_डोंबिवली
सकाळी थोडी कोथिंबीर खाल्ली होती, दुपारी पेलेटचे दोन-तीन दाणे. लेंड्या पडतायत पण बारीक आणि केसाने एकीला एक जोडलेल्या. पोट मऊ आहे. कान ठीक आहेत. दात वाजवते पण ते तर खुशीत असल्यावर वाजवतात ना?

निशाचर
कपाळावर हात फिरवताना हलकं कट कट येतं ते खुशीचं. कोपऱ्यात एकटी बसून मोठ्याने घासते ते दुखण्याचं. तुमची कुठली ते तुम्हीच ऐका. लेंड्या पडतायत म्हणजे अजून वेळ आहे, पण उद्याची अपॉइंटमेंट आजच घ्या.

कोथिंबीरवाली
मुग्धाताई, माझ्याकडे पुण्यात तीन आहेत, त्यातला एक ड्वार्फ. तुमची दोन्ही दुखणी वेगवेगळी आहेत असं मला वाटतंय.
सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. याला खोटं गरोदरपण म्हणतात. सशाच्या मादीला आपल्यासारखी पाळी नसते, समागम झाला की बीज सुटतं, आणि कधी कधी नर नसतानाही तसंच घडतं, दुसरी मादी अंगावर चढली किंवा कोणी पाठीवरून खूप चोळलं तरी पुरतं. मग शरीर समजतं की पिल्लं येणार, ती घरटं करते, केस उपटते आणि तिथे हात घातला की धावून येते. १६ ते १८ दिवसांत आपोआप ओसरतं. तोवर घरटं मोडू नका, मोडलं तर परत केस उपटते बिचारी. सफाई ती बाहेर असताना करा. लेकीला सांगा की ती वाईट झालेली नाहीये.
पण ओली हनुवटी, डोळ्यात पाणी, तोंडातून पेलेट पडणं, हे सगळं दाताकडे बोट दाखवतं. सशाचे सगळे दात जन्मभर वाढत राहतात, पुढचे तर आठवड्याला साधारण २ मिमी. गवत चावून चावून ते झिजतात म्हणून बरोबरीत राहतात. ड्वार्फचं तोंड गोल आणि आखूड (तेच बघून आपण अय्या किती गोड म्हणतो), त्यामुळे जबड्यात जागा कमी आणि दात एकमेकांवर नीट बसत नाहीत. वरच्या दाताची मुळं अश्रुनळीजवळ असतात, ती दाबली गेली की डोळा वाहतो. डोळ्याचे थेंब घालून काही होणार नाही.

अण्णा_फलटण
आमी एके काळी ससेपालन केलेलं हाय, न्यूझीलंड व्हाईट आन सोव्हिएत चिंचिला, शेडमधी शंभरावर होते. पुढचे दात वाढले की नखं कापायच्या कटरनं कापायचं, दोन मिंटाचं काम. येवढ्यासाठी डॉक्टर कशाला?

पशुवैद्य_होऊ_घातलेला
अण्णा, कटरने दात उभा चिरतो, चीर मुळापर्यंत गेली तर पू होतो. आणि मुळात इथे पुढच्या दातांचं दुखणं वाटत नाहीये. सशाला एकूण २८ दात, त्यातले पुढचे फक्त ६ (वरच्या दोन मोठ्या दातांच्या मागे अजून दोन बारके लपलेले असतात), बाकी २२ आत. ते नुसतं तोंड उघडून दिसत नाहीत, गाल आत येतात. दाढेला टोक आलं की खालचं जिभेला टोचतं, वरचं गालाला. ओटोस्कोप घालून बघावं लागतं, नीट बघायचं तर भूल देऊन, आणि मुळं बघायला एक्स-रे.
मी शेवटच्या वर्षाला आहे म्हणून सांगतो, आमच्या अभ्यासात गाय-म्हैस, शेळी, कुत्रा यांचं खूप असतं, ससा येतो तो बहुतेक प्रयोगशाळेतला प्राणी म्हणून. त्यामुळे फोनवरच विचारा की तुम्ही ससे बघता का, महिन्याला साधारण किती येतात. राग येत नाही कोणाला. तुमच्या भागात कोणी नसेल तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला फोन करून चौकशी करा, मुंबईत एक्झॉटिक (म्हणजे ससे, पक्षी, कासवं असे कुत्र्या-मांजरांपलीकडचे पाळीव प्राणी) बघणारे डॉक्टर आहेत.

टवाळ_पोर
ससा पाळून दाताचा डॉक्टर शोधण्यापेक्षा कासव पाळा, दातच नसतात ;)

मुग्धा_डोंबिवली
अपडेट. आज इथल्या जवळच्या क्लिनिकमध्ये नेलं कारण संध्याकाळी पेलेटपण बंद केले. डॉक्टर कुत्र्या-मांजरांचे आहेत, चांगले बोलले पण तोंड नुसतं बाहेरून बघितलं, म्हणाले इन्फेक्शन असेल, आणि अमॉक्सिसिलिनचं सिरप दिलंय, लहान मुलांचंच, दिवसातून दोनदा. देऊ ना?

पशुवैद्य_होऊ_घातलेला
नको नको नको. बाटली उघडू नका.
पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही औषधं सशाला तोंडावाटे देत नाहीत. त्याच्या सीकममध्ये, म्हणजे आतड्याच्या त्या मोठ्या पिशवीत, जे चांगले जंतू गवत कुजवतात ते मरतात, क्लॉस्ट्रिडियम नावाचा वाईट जंतू माजतो, विष तयार होतं, जुलाब लागतात आणि ससा जातो. माणसाच्या बाळाला चालतं म्हणून सशाला चालत नाही. डॉक्टरांना आत्ता फोन करा आणि नम्रपणे विचारा की एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा यातलं काही लागेल का, की आत्ता अँटिबायोटिकची गरजच नाहीये. आणि दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम. डोस तेच वजनावर काढतील, इथे कोणी मिली सांगितले तरी ऐकू नका, माझेसुद्धा.
याच यादीत पिसवांचा फिप्रोनिल स्प्रे पण घाला. कुत्र्यावर मारतात, सशावर मारायचा नाही.

निशाचर
+१०० आणि तोवर तिला भरवा. खास पावडर मिळते पण आज रात्री कुठून आणणार, म्हणून तिचेच पेलेट कोमट पाण्यात भिजवून अगदी पातळ लगदा करा, बिनसुईच्या सिरिंजने, पुढच्या दातांच्या बाजूच्या फटीतून, थोडं थोडं, ती गिळेल तसं. घाई केली तर फुफ्फुसात जातं. किलोच्या सशाला दिवसभरात ५० मिलीच्या आसपास, चार-पाच वेळा वाटून. पोट टणक फुगलं असेल तर मात्र भरवायचं नाही, तेव्हा आत काही अडकलेलं असू शकतं. अंग गार लागलं तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी.

सुलभामावशी
आमच्याकडे बाळाला पोट दुखलं की ओव्याचं पाणी देतो, चमचाभर दिलं तर?

कोथिंबीरवाली
मावशी, ओव्याने मरणार नाही पण उपयोगही नाही, आणि त्या नादात रात्र जाते. बाळांचे गॅसचे थेंब बरेच जण देतात, ते निरुपद्रवी आहेत, गुण किती येतो हे दुसरं. मुख्य म्हणजे दुखणं थांबलं पाहिजे आणि पोटात चोथा गेला पाहिजे.

मुग्धा_डोंबिवली
फोन केला. डॉक्टर खरंच चांगले निघाले, म्हणाले बरं झालं विचारलंत, सिरप बंद, मेलॉक्सिकॅम दिलं, आणि मुंबईतल्या एका एक्झॉटिकवाल्या मॅडमचा नंबर दिला. रात्रभर मी आणि नवरा आळीपाळीने सिरिंज. निम्मं माझ्या गाऊनवर. पहाटे लेंड्या पडल्या, बारीकच, पण पडल्या. लेंड्या बघून इतका आनंद होईल असं कोणी आधी सांगितलं असतं तर हसले असते.

मुग्धा_डोंबिवली
मॅडमकडे जाऊन आलो. दाढाच. खालच्या डावीकडच्या दाढेला जिभेच्या बाजूने टोक आलेलं, जिभेवर जखम. भूल देऊन घासून दिलं. डोळ्याची नळी पण सलाईनने धुतली. त्या म्हणाल्या ड्वार्फमध्ये हे परत होऊ शकतं, काहींना दर थोड्या महिन्यांनी घासावं लागतं, ते गवत किती खाते त्यावर आहे. घरी आल्यावर तासाभरात कोथिंबीर काडीसकट खाल्ली! गवत मात्र अजून हुंगून सोडते. आता हे गवताचं सांगा. ऑनलाइन टिमोथीचा (सशांना देतात ते परदेशी सुकं गवत) भाव बघून डोळे पांढरे झाले. खाली तबेल्यातून हिरवं गवत आणलं तर चालेल? तिथे लसूणघास मिळते म्हणतात.

अण्णा_फलटण
लसूणघास नगा देऊ रोज. पिल्लाला, गाभणीला ठीक. आमच्याकडं शेडमधी स्वस्त पडती म्हणून देत हुतो तर मोठ्या सशांचं मूत चुन्यासारखं पांढरं यायचं.

कोथिंबीरवाली
अण्णा बरोबर. लसूणघास म्हणजे परदेशी पाकिटावर जे अल्फाल्फा लिहितात तेच. प्रोटीन आणि कॅल्शियम भरपूर, सहा महिन्यांपर्यंत चालतं. ससा खाण्यातलं जास्तीचं कॅल्शियम लघवीतून बाहेर टाकतो, म्हणून मोठ्याला रोज दिलं की मूत्राशयात गाळ आणि खडे. (लघवी लाल-केशरी दिसली तर लगेच घाबरू नका, पाल्यातल्या रंगानेही होते. जोर लावत असेल, थेंब थेंब येत असेल, तर मात्र पळा.)
हरळी सगळ्यात सोपी, म्हणजे आपल्या दूर्वा. फवारणी नसलेल्या जागेची, धुऊन, सावलीत वाळवून. माझे तीन ससे मुख्यतः त्याच्यावर आहेत, टिमोथी मी थोडंच मागवते. ओटचं सुकं गवत मिळालं तर उत्तम. भाताचा पेंढा खाली अंथरायला ठीक, खाण्यात कस नाही. एकदम बदलू नका, हिरवं तर मुळीच एकदम वाढवू नका, चिमूटभरापासून सुरुवात. गवत तिच्या शू-शीच्या ट्रेच्या वरच ठेवा, बसल्या बसल्या खातात. आणि पेलेट कमी करा, किलोच्या सशाला दिवसाला एक ते दोन टेबलस्पून पुरे. वाटी भरलेली असली की गवत कोण खातंय, शेव समोर असताना पोळीभाजी कोण खातं?

अण्णा_फलटण
आन ज्वारीचा कोवळा पोंगा, फुटवा कदी घालू नका कुनी. गुरांना किराळ लागती ना, त्यात सायनाईडसारखं विष असतं, सशाचा जीव तो केवढा.

घर_पहावं_बांधून
सशाला गाजर चालत नाही हे खरं का? लहानपणापासून चित्रात तेच बघतोय.

निशाचर
चित्रातला ससा दातांच्या डॉक्टरकडे जात नाही. गाजरात साखर आहे, आठवड्यात एखादी चकती चालेल, त्याचा पाला उलट चांगला. मुळ्याचा पाला, पुदिना, कोथिंबीर, मेथी रोज आलटून पालटून. पालक कधीतरी. कांदा, लसूण, बटाटा, चॉकलेट बंद. चपाती, पोहे, बिस्किट बंद, आजोबांनी प्रेमाने दिलं तरी बंद. बाल्कनीत कण्हेर असेल तर ती तिच्या वाटेतून हलवा.

वऱ्हाडी_ठेचा
डोंबिवलीचं ठीक आहे, आमच्या अकोल्यात मे महिन्यात ४५ होऊन राहिलं तर ससा जगवणं म्हणजे परीक्षाच. सशाला घाम येत नाही, कानातून गरमी बाहेर टाकतो आणि ड्वार्फचे कान तर एवढुसे. ३० च्या वर गेलं की तो लांब पडून धापा टाकायला लागते. नुसता पंखा लावून काही होत नाही. आम्ही वाळ्याची ताटी, पाण्याची बाटली बर्फ करून फडक्यात गुंडाळून शेजारी आणि खाली फरशीचा तुकडा, असं करतो. लागलंच ऊन तर कान ओल्या फडक्याने पुसा आणि डॉक्टरकडे न्या, गार पाण्यात बुडवू नका. एरवीसुद्धा आंघोळ घालायची नसते, पाण्याच्या धसक्यानेच गळाठतो.

लंडनची_पुरणपोळी
इथे यूकेत मिक्सोमॅटोसिस आणि आरएचडी या सशांच्या जीवघेण्या रोगांची लस दर वर्षी देतात, डॉक्टर स्वतःहून आठवण करतात. अजून एक, पावसाळ्यात डोंबिवलीत माश्या असतील, तर रोज तिचं बूड बघा. जाड किंवा आजारी ससा स्वतःला चाटून साफ करू शकत नाही, तिथे माशी अंडी घालते आणि बघता बघता अळ्या पडतात. ती तासातासाने बिघडणारी इमर्जन्सी आहे.
आणि पहाटे ती स्वतःच्या बुडाला तोंड लावून काही खाताना दिसली तर ओरडू नका. त्या मऊ गोळ्या वेगळ्या असतात, त्यात जीवनसत्त्वं असतात, त्या खाणं तिच्यासाठी गरजेचं आहे.

ब्रिस्बेनकर
तुम्ही सगळे नशीबवान. आमच्या क्वीन्सलंडमध्ये ससा पाळणं बेकायदेशीर आहे, जबर दंड. सूट फक्त संशोधनाला आणि जादूगारांना, खरंच. लेक म्हणतो बाबा जादू शिका.

टवाळ_पोर
हायला, जादूगारांना! अवांतर: माझ्या मामाला उसात सशाचं पिल्लू सापडलंय, ते ड्वार्फच असेल का, खूप बारकं आहे.

पशुवैद्य_होऊ_घातलेला
तो रानससा, वेगळाच प्राणी, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, घरी ठेवायचा नाही. त्याची आई दिवसभर पिल्लाजवळ थांबतच नाही, संध्याकाळी येऊन पाजून जाते. म्हणजे ते बहुतेक अनाथ नसणार. मामाला म्हणावं जिथून उचललं तिथेच परत ठेवा, आजच.

घर_पहावं_बांधून
ड्वार्फवरून आठवलं, मला ड्वार्फ म्हणून दिलेला आता अडीच किलोचा आहे आणि सोफ्यावर माझी जागा राहिलेली नाही.

कोथिंबीरवाली
हे फार होतं. महिन्याचं, आईचं दूध पुरतं न सुटलेलं साध्या जातीचं पिल्लू ड्वार्फ म्हणून विकतात. खरा नेदरलँड ड्वार्फ मोठा झाला तरी ९०० ग्रॅम ते सव्वा किलो, कान जेमतेम दोन इंच. आणि स्वभावाने जरा तिखट असतो हं, छोटा म्हणजे गरीब असं नाही. त्याला वरून उचललेलं अजिबात खपत नाही, आभाळातून घार आली असंच वाटतं त्याला. जमिनीवर आपण आडवं पडायचं, तो येतो. उताणं करून झोपवल्याचे व्हिडिओ टाकतात ना लोक, तो झोपलेला नसतो, भीतीने थिजलेला असतो. उचलायचंच तर एक हात छातीखाली, एक बुडाखाली, नाहीतर हवेत लाथ मारताना स्वतःचीच पाठ मोडून घेतो.

मुग्धा_डोंबिवली
चिंगी आता गवत खातेय! हरळी, गणपतीच्या फुलवालीकडूनच रोज घेते, ती विचारते ताई रोज पूजा का. घरटं तिने स्वतःच विस्कटून टाकलं, पंजे मारणं बंद. पण मॅडम म्हणतात हे खोटं गरोदरपण परत परत होईल, गर्भाशय काढा. एवढ्याशा जिवाचं ऑपरेशन म्हणजे मला धडकीच भरली.

अण्णा_फलटण
ताई, आपरेशन कशाला, एक नर लावा, पिल्लं हुतील, मादी शांत हुती.

पशुवैद्य_होऊ_घातलेला
अण्णा, ३० दिवसांत पिल्लं आणि त्याच दिवशी ती परत गाभण राहू शकते, डोंबिवलीच्या वन बीएचकेत किती ठेवणार त्या? शिवाय ड्वार्फ-ड्वार्फ जोडी लावली की चारातल्या एका पिल्लाला ठेंगू गुण दोन्हीकडून मिळतो, ते जगत नाही. हे ताईंच्या लेकीला बघायला लावायचं का?
मुग्धाताई, ऑपरेशनचा मुख्य मुद्दा स्वभाव नाहीच. ऑपरेशन न झालेल्या माद्यांमध्ये तीन-चार वर्षांनंतर गर्भाशयाचा कॅन्सर फार दिसतो. चांगल्या सांभाळलेल्या ड्वार्फचं आयुष्य आठ-दहा वर्षं, म्हणजे निम्मं आयुष्य त्या टांगत्या तलवारीखाली. भुलेचा धोका सशाला कुत्र्यापेक्षा जास्त आहे हे खरं, पण दाढांच्या वेळी तिने भूल सोसलीये आणि त्याच मॅडम करणार आहेत. आधी वजन नीट भरू द्या.

अण्णा_फलटण
चारातलं एक मरतं ह्ये म्हाईत नव्हतं बगा. आमची जात मोठी हुती.

मुग्धा_डोंबिवली
ठीक आहे, पुढच्या महिन्याची तारीख घेतेय. तिथल्या रिसेप्शनवर एकाने सांगितलं की आदल्या रात्री १० नंतर काही देऊ नका. तसंच ना?

निशाचर
तो कुत्र्यांचा नियम त्याने सवयीने सांगितला असणार. ससा ओकतच नाही तर उपाशी ठेवून काय मिळणार, उलट आतडं थांबतं. भुलेच्या अगदी थोडं आधी तोंड रिकामं हवं एवढंच. मॅडमना स्वतः विचारून पक्कं करा.

कोथिंबीरवाली
आणि नेताना तिच्याच वासाचा जुना टॉवेल, हरळीची जुडी आणि कोथिंबीर बरोबर घ्या, शुद्धीवर आली की तिथेच समोर धरायची. खाल्ल्याशिवाय आणि लेंडी टाकल्याशिवाय घरी आणू नका. वेदनाशामक किती दिवसांचं ते लिहून घ्या. रोज एकाच वेळी वजन करत जा, स्वयंपाकाचा डिजिटल काटा चालतो, वर एक टोपली ठेवायची. आकडा सलग घसरायला लागला तर ती खाताना दिसत असली तरी दाढा बघून घ्या.